खांद्यांसकट गव्हर्नर

राज्य गोऱ्यांचं होतं आणि गोऱ्यांना उकडत होतं. या दोन गोष्टींवर बर्फशेठचा सगळा धंदा उभा होता.

कुठल्याशा थंड मुलखात तळी गोठत, तिथली माणसं ती करवतीने कापत, लाद्या भुशात गुंडाळून जहाजात भरत आणि जहाज अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून या बंदरात येई. निम्मा बर्फ वाटेत वितळे. उरलेला साहेब लोक पेल्यात टाकून वितळवत. म्हणजे हिशेबाने शेवटी हाती काहीच उरायला नको होतं, तरी बर्फशेठचा बंगला दुमजली होता. गाव त्याला तोंडावरच बर्फशेठ म्हणे आणि त्यात त्याला वावगं वाटत नसे. रॉकेलवाल्याला लोक काय म्हणत ते ऐकल्यावर तर अजिबातच नाही.

धंदा खरा उभा केला होता दादाने, त्याच्या थोरल्या भावाने. दादा आधी धक्क्यावर हमाल होता. पहिलं बर्फाचं जहाज आलं तेव्हा त्याच्या तळात उतरून लाद्या काढायला कोणी तयार होईना, तेव्हा हा उतरला आणि वर आला तो डाव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर करून. पुढे ती कापावी लागली. ज्या गावात माणसं उन्हाने भोवळ येऊन पडत, तिथे थंडीने बोटं गमावलेला तो एकमेव माणूस होता. लोक मुद्दाम पोराबाळांना घेऊन ती बोटं बघायला येत. म्हणजे बोटं नसलेली जागा बघायला येत.

मग दादाने बर्फघर बांधलं. भिंतीच्या आत दुसरी भिंत, मधे भुसा ठासलेला, खिडकी एकही नाही, जमीन उतरती, म्हणजे वितळलेलं पाणी नळीने बाहेरच्या हौदात जाईल. दार एकच, उन्हाकडे पाठ करून. आणि दोन नियम. दार दिवसातून एकदाच उघडायचं, सूर्य उगवायच्या आत. आणि लादी आत फोडायची नाही, कारण अखंड लादी बाहेरून वितळते आणि फुटलेली लादी सगळीकडून. नियम मोडला की दादाचा आवाज चढे. दार कोणी क्षणभर जास्त उघडं ठेवलं, तर तो अशा काही आवाजात "दार लावा" ओरडे, की समोरच्या गल्लीतली माणसं दचकून आपापली दारं लावत. एकदा खुद्द वहिनींकडून दार जरा किलकिलं राहिलं. महिनाभर दादा त्यांच्याशी बोलला नाही. वहिनी म्हणायच्या, तो महिना बरा गेला.

वहिनी या घरात आल्या तेव्हा शेठचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते. त्यांनी त्याला खाऊ घालून, दटावून, शाळेत ढकलून मोठा केला. दादाची छाती बर्फाच्या ओलीने कामातून गेली तेव्हा धंदा धाकट्याच्या हातात आला. धाकटा बंगल्यात राहायला गेला. दादा आणि वहिनी बर्फघराच्या मागच्या दोन खोल्यांतच राहिले. दादाला दाराचा आवाज ऐकू आला नाही तर झोप लागत नसे.

राजकारणात शेठ शिरला तो बर्फावरूनच. उन्हाळ्यात नगरसभेच्या बैठकीला कोणी येत नसे, तेव्हा त्याने पंख्याखाली एक घंगाळ ठेवून त्यात आख्खी लादी ठेवायला सुरुवात केली. सभासद वेळेवर येऊ लागले, पाय घंगाळाकडे करून बसू लागले. पुढच्या खेपेला शेठ बिनविरोध सभासद झाला. आत गेल्यावर त्याने एकदाच भाषण केलं, गटारांवर. भाषण संपायच्या आत लादी संपली आणि लोक उठून गेले. त्यानंतर त्याने भाषण केलं नाही. हात वर करायचा तेव्हा करायचा, खाली ठेवायचा तेव्हा ठेवायचा. अशा माणसाची प्रगती होते.

आणि झालीच. सरकारने मोठ्या मनाने जाहीर केलं, की नगरसभेचा अध्यक्ष आता गावातलाच माणूस होईल. नव्या सभागृहाचं उद्घाटन करायला स्वतः गव्हर्नर येणार होते आणि जो पसंत पडेल त्याच्या गळ्यात अध्यक्षाची साखळी घालणार होते. दावेदार दोघेच, बर्फशेठ आणि रॉकेलवाला. रॉकेलवाल्याने आख्ख्या रस्त्यावर दिवे लावायचं कबूल केलं. समारंभ सकाळी दहाला होता, पण दिवे लागणार म्हणून लोक खूश झाले. शेठची झोप उडाली. मग त्याने भर बैठकीत जाहीर केलं, की आपण सभागृहात गव्हर्नरसाहेबांचा अर्धपुतळा उभा करू, खांद्यांसकट, बर्फाचा. गारवा आणि राजनिष्ठा, दोन्ही एकाच वस्तूत. सभासदांनी बाकं वाजवली. रॉकेलवाल्याने सुद्धा वाजवलं, पण जरा उशिरा.

यात अडचण एकच होती. जहाज यायचं ते आलं नव्हतं. बर्फघरात उरल्या होत्या दोन लाद्या, त्याही एकमेकींना घट्ट गोठून एक झालेल्या. गावात पाथरवट होता तोही एकच, आणि तो कबरींवरचे चेहरे कोरायचा. त्याने दार उघडं असताना आत डोकावून माप घेतलं आणि म्हणाला, बरोबर पुरेल. एका लादीत डोकं, एका लादीत खांदे.

त्याच आठवड्यात गावात ताप आला. आधी धक्क्यावर, मग बाजारात, मग दादाकडे. डॉक्टरने सांगितलं, ताप मेंदूत चढतोय, डोक्यावर बर्फ ठेवा, उतरेपर्यंत काढू नका. त्याने शेठलाही सांगितलं, की तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकू नका, तुम्हाला गव्हर्नरांशी हात मिळवायचाय. शेठने ऐकलं. डॉक्टरचा सल्ला शेठने इतक्या काटेकोरपणे याआधी कधी पाळला नव्हता.

समारंभाच्या आदल्या दिवशी पहाटे वहिनी बर्फघराच्या दाराशी आल्या. नेमक्या वेळेला आल्या, कारण नियम त्यांना पाठ होता. शेठने दार नुकतंच उघडलं होतं. पाथरवट दोन कोट एकावर एक घालून, छिन्नी, हातोडी, कंदील, गव्हर्नरसाहेबांचं चित्र आणि शिदोरी घेऊन आत शिरत होता. दार आता एकदम दुसऱ्या दिवशी पहाटेच उघडणार होतं, त्यामुळे तो दिवसभर आणि रात्रभर आत कोंडला जाणार होता. त्याने बायकोचा निरोप वगैरे घेतला होता.

वहिनींनी येण्याचं कारण सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. त्यांच्या हातात रिकामी पाटी होती, पाटीत भुसा पसरलेला. त्या आत बघत राहिल्या. कंदिलाच्या उजेडात ती जोडलादी हिरवट निळी दिसत होती. आतून गार वारा येऊन तिघांच्या पायांवरून जात होता.

"दादा कसा आहे?" शेठने विचारलं.

"तापात मला हमाल समजून हुकूम सोडतात," वहिनी म्हणाल्या. "एक लादी द्या, भाऊजी."

शेठने समजावलं. दोनच आहेत, त्याही जुळलेल्या आहेत, करवत लावली तर तडा कुठे जाईल सांगता येत नाही. पाथरवटाने आतून दुजोरा दिला, की तडा मानेतून जाणार, बहुतेक कानापर्यंत. जहाज आज-उद्या येतंच आहे, शेठ म्हणाला, पहिली लादी दादाची. हे तो मनापासून म्हणत होता. तो दर वेळी मनापासूनच बोले, हीच त्याच्याशी व्यवहार करण्यातली अडचण होती.

वहिनींनी लादीवरून नजर काढली नाही. "मग डोकं राहू द्या. खांदे द्या."

"अहो, नुसतं डोकं कसं ठेवणार तिथे?"

"गव्हर्नराला खांदे कशाला हवेत? तो काय ओझी उचलतो?"

पाथरवट आतून हसला आणि मग खोकून त्याने ते झाकलं. शेठचे कान लाल झाले. दार उघडं होतं आणि उघड्या दाराचा प्रत्येक क्षण आतलं काहीतरी घेऊन जात होता. बाहेर फटफटायला लागलं होतं. शेठच्या डोक्यात एकाच वेळी तडा गेलेला गव्हर्नर, रॉकेलवाल्याच्या गळ्यातली साखळी आणि दादा उभे राहिले. दादा त्यात सगळ्यात मागे उभा होता. त्याला तसं उभं राहायची सवय होती.

"लादी फोडायची नाही हा दादाचाच नियम आहे, वहिनी," तो म्हणाला. "तोच असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं."

 आणि ते खरं होतं.

मग शेठने बाहेरच्या हौदातून पत्र्याची एक बादली भरून त्यांच्यापुढे ठेवली. हे पाणीसुद्धा गारच आहे, तो म्हणाला, त्याच बर्फाचं आहे. पट्ट्या ठेवा. वहिनींनी पाटीतला भुसा तिथेच उपडा केला, पाटी काखेत धरली आणि बादली उचलून गेल्या. शेठने दार लावलं. आतून छिन्नीचा पहिला ठोका ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तेव्हा पाथरवट चालत बाहेर आला, पण बोलू शकत नव्हता. पुतळा मात्र झकास झाला होता. गालमिश्या, झुबकेदार मिशा, कडक कॉलर, खांद्यांवरच्या झालरी. फक्त डोळे मिटलेले होते. पाथरवटाचे दात वाजायचे थांबल्यावर त्याने खुलासा केला, की आयुष्यात त्याने उघडे डोळे कोरलेच नाहीत, त्याच्या गिऱ्हाइकांना ते लागत नाहीत. आता सुधारायला वेळ नव्हता. नगरसभेच्या चिटणिसाने, जो पूर्वी शाळामास्तर होता, तोडगा काढला: कोणी विचारलं तर साहेब जनतेच्या भल्याचा विचार करत आहेत म्हणून सांगायचं.

पुतळा भुशात गुंडाळून, हातगाडीवरून, दोन्ही बाजूंना चार हमाल चालवत, सभागृहात आणला. दादाच्या मागच्या दोन खोल्यांसमोरूनच गाडी गेली. खिडक्या लावलेल्या होत्या. शेठने मान वळवली नाही, खड्ड्यांकडे लक्ष ठेवावं लागत होतं.

दहाला सगळे उभे राहिले. अकराला बसले. साडेअकराला एक घोडेस्वार आला आणि त्याने सांगितलं, की गव्हर्नरसाहेबांना वाटेत तळ्यावर बदकं दिसली, ते शिकारीला थांबले आहेत, बदकं संपली की येतील. किती बदकं आहेत, असं कोणीतरी विचारलं. स्वार म्हणाला, पुष्कळ.

सभागृह नवं होतं, छप्पर पत्र्याचं होतं. आधी झालरी गेल्या. मग कॉलर. पुतळ्याखालचं घंगाळ भरलं, ते बदललं, तेही भरलं. रॉकेलवाला आपल्या खुर्चीवरून एखादं नाटक बघावं तसा बघत होता. त्याने मधेच उठून पुतळ्याला हाताने वारा घातला आणि वर शेठला विचारलं, की साहेबांना घाम फार येतो का हो. पाथरवट हातोडी घेऊन बाजूला बसला होता आणि जे वितळेल त्यातून नवी रेघ काढत होता. अशाने गव्हर्नर दर अर्ध्या तासाने थोडे लहान होत गेले. खांद्यांचं तर काही उरलंच नाही. एवढ्या हट्टाने राखलेले खांदे जेवणवेळेच्या आत घंगाळात गेले.

मग गालमिश्या गळल्या. त्यापाठोपाठ मिशा गळल्या. आणि मिशांखालून दादा निघाला.

शेठने आधी डोळे पुसले, मग टाचा उचलून बघितलं. गाल बसलेले, नाकाचा शेंडा जरा डावीकडे, ओठ घट्ट मिटलेले, डोळेही मिटलेले. बर्फघराचं काम आवरून दुपारी भिंतीला टेकून झोपे तेव्हा दादा असाच दिसे. कपाळावरून पाण्याचे ओघळ खाली येत होते. आजारी पडल्यापासून शेठने त्याला पाहिलं नव्हतं, आणि आता सगळ्या नगरसभेसमोर, टोप्या हातात घेऊन बसलेल्या माणसांसमोर, तो टेबलावर ठेवलेला होता. दुसऱ्या कोणाच्या काही लक्षात आलं नाही. रॉकेलवाला तेवढा म्हणाला, की हे साहेब तर एखाद्या हमालासारखे दिसायला लागले.

चिटणीस घाईने पुढे आला. असा पुतळा दाखवणं म्हणजे राजद्रोह होईल, त्याने सांगितलं, आणि तातडीची बैठक तिथल्या तिथे भरवली. ठराव असा मांडला: साहेबांना बदकांची आवड असल्याचं सभेला अधिकृतरीत्या समजलं आहे, त्या अर्थी उरलेल्या बर्फाचं बदक करण्यात यावं. चर्चा झाली. एका सभासदाने विचारलं, बदक पोहतं हवं की उडतं. पाथरवट म्हणाला, बसलेलं. मग चिटणिसाने शेठकडे पाहिलं. बर्फ शेठचा होता, तो हो म्हटल्याशिवाय छिन्नी लावता येत नव्हती.

शेठला त्या क्षणी करता येण्यासारखं पुष्कळ होतं. ते डोकं तसंच भुशात गुंडाळून, काखेत मारून, मागच्या दाराने निघता आलं असतं. दादाच्या दोन खोल्या लांब नव्हत्या. त्याने दाराकडे पाहिलंही. पण आजवर सभेत ज्या वेळी सगळे त्याच्याकडे पाहत, त्या वेळी त्याला एकच गोष्ट करायची सवय होती. हात आपोआप वर गेला.

ठराव एकमताने मंजूर झाला. पाथरवटाने छिन्नी नाकाच्या मुळाशी ठेवली, कारण चोच तिथून काढायची होती.

गव्हर्नर दोनच्या सुमारास आले. उंच, किडमिडीत माणूस होता आणि मिशा त्याला नव्हत्याच. ज्या चित्रावरून पुतळा कोरला ते मागच्या गव्हर्नरचं होतं, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळे मूग गिळून बसले. सकाळपासून उन्हात बंदूक घेऊन फिरल्याने साहेबांचं डोकं ठणकत होतं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, दिव्यांकडेही नाही. सरळ टेबलाशी गेले, बदक दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले.  बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, की बरं वाटलं, जीव वाचला. हा बर्फ कोणाचा?

अशा रीतीने बर्फशेठ त्या गावचा पहिला देशी अध्यक्ष झाला. साखळी जड होती आणि उन्हात राहिल्याने तापलेली होती. टाळ्या चालू असतानाच त्याने टेबलावरचं बदक उचललं. मूठभरच उरलं होतं, चोच नव्हती, पण गार होतं. त्याने ते आपल्या टोपीत ठेवलं, टोपी छातीशी धरली आणि मागच्या दाराने निघाला. लोकांना वाटलं, नवा अध्यक्ष भावनेच्या भरात टोपी काढून चालला आहे. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

तो धावला. अध्यक्षाला शोभत नव्हतं, साखळी पोटावर आपटत होती, टोपीतून पाणी गळून सदरा भिजत होता. हातगाडी गेली त्याच रस्त्याने तो गेला, खड्डे आता त्याला दिसले नाहीत. मागच्या खोल्यांची दारं-खिडक्या घट्ट लावलेली होती. भर दुपारी, त्या उकाड्यात. त्याने दार वाजवलं.

वहिनींनी दार उघडलं. त्यांनी साखळीकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि बाजूला झाल्या.

आत बर्फघरासारखा अंधार होता. दादा खाटेवर होता. गाल बसलेले, ओठ घट्ट मिटलेले, नाकाचा शेंडा जरा डावीकडे. पाथरवटाने काही चूक केली नव्हती. खाटेशेजारी पत्र्याची बादली होती, तिच्या काठावर धुऊन पिळून घडी केलेल्या पट्ट्या.

"कधी?" शेठने विचारलं.

"गाडी गेली ना तुमची सकाळी, त्यानंतर थोड्या वेळाने." वहिनींचा आवाज रोजचाच होता. "काल दुपारपासून एकच चाललं होतं, दार लावा. मी दार लावलं. खिडक्या लावल्या. कपाट लावलं. शेवटी पेटीचं झाकणसुद्धा लावलं. तरी म्हणायचे, कुठलं तरी उघडं आहे, सगळं चाललंय."

 शेठला सुचलं तेवढं त्याने केलं. टोपीतला बर्फ काढून दादाच्या कपाळावर ठेवला. बर्फाला कळत नाही, तो तिथेही वितळायला लागला. पाणी भुवईवरून खाली आलं, डोळ्याच्या कोपऱ्यात थांबलं आणि मग कानाकडे गेलं. वहिनींनी एक पट्टी घेऊन ते पुसलं. पुन्हा आलं, पुन्हा पुसलं.  जे थोडं होतं ते संपायला वेळ लागला नाही.

बंदराकडून भोंगा ऐकू आला. लांब, मग आखूड. बर्फाचं जहाज आल्याची ती खूण होती. शेठने नकळत खिडकीकडे पाहिलं, उजेड किती आहे ते बघायला. पण खिडकी लावलेली होती.

वहिनींनी ओली पट्टी बादलीत टाकली.

"जा, तुमचं काम आलं," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, जाताना दार लावून घ्या."

त्याने लावून घेतलं.